पिकविले खरे, विकावे कोठे?

(किन्हवली परिसरातील एका कृषी अधिकाऱ्याकडून)

शेणखत कसे कुजवावे, जीवामृत कसे तयार करावे, पाच टक्के निंबोळी अर्कासाठी निंबोळ्या किती घ्याव्यात, हे आपल्या पत्रिकेतून आजवर पुष्कळ वेळा सांगून झाले आहे. ते सांगणे आवश्यकच होते. परंतु या रीतीने पिकविलेला माल शेतकऱ्याने कोणास, कोठे आणि कशा प्रकारे विकावा, याविषयी आम्ही कृषी खात्यातील माणसे फारच थोडे बोललो आहोत. माल चांगला निघाला म्हणजे बाजार आपोआप मिळेल, असे आम्ही गृहीत धरून चाललो. हे गृहीत चुकीचे होते असे माझे मत झाले आहे, आणि तेच येथे मांडावयाचे आहे.

हे मत मी पुस्तकावरून बनविलेले नाही. किन्हवलीजवळच्या एका पाड्यावरील शेतकऱ्याने माझ्या सांगण्यावरून वीस गुंठ्यांत रासायनिक खत व औषध न वापरता भाजीपाला करावयास सुरुवात केली. पहिल्या वर्षी उत्पन्न घटले. दुसऱ्या वर्षी थोडे सावरले. तिसऱ्या वर्षी भेंडीचे पीक पाहून आजूबाजूचे लोक बांधावर थांबू लागले. मी ते शेत इतरांना दाखवीत असे आणि त्यात मला अभिमान वाटे. चौथ्या वर्षी शिवारफेरीस गेलो असता त्याच बांधावर युरियाची गोणी दिसली. मला पाहून तो गृहस्थ ओशाळला व म्हणाला, "साहेब, जमिनीला तुमचं सांगणं मानवलं. पण बाजाराला ते दिसत नाय, त्याला मी काय करू?" वास्तविक ओशाळावयास पाहिजे होते ते मी. तीन वर्षे मी त्याच्या शेतावर अनेकदा गेलो. परंतु त्याची पाटी ज्या बाजारात उतरत होती, तेथे एकदाही त्याच्याबरोबर उभा राहिलो नव्हतो.

दिसत नाही त्या गुणाला भाव कसा मिळावा?

भेंडी कोवळी आहे की जून, हे बोटाने मोडून कळते. वांग्याला कीड आहे की नाही, हे डोळ्यांना दिसते. परंतु त्या भाजीवर कोणते औषध मारले होते किंवा मारलेच नव्हते, हे डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागत नाही आणि बहुधा जिभेलाही कळत नाही. उलट, औषध न मारलेल्या मालात एखादे किडके फळ निघते आणि गिऱ्हाईक तेवढ्यावरून सगळी पाटी नापसंत करते. अशा स्थितीत विकणाराच्या शब्दावाचून गिऱ्हाईकाजवळ दुसरा पुरावा नसतो. विकणारा ओळखीचा नसेल, तर त्या शब्दाला किंमत नसते.

घाऊक बाजारात तर हा शब्द सांगावयासही जागा नाही. कल्याणच्या किंवा वाशीच्या बाजारात आपल्या भागातील दहा-वीस किलोची गोणी गेली की ती इतर गोण्यांत मिसळते. सेंद्रिय मालाची वेगळी रास आणि वेगळी बोली तेथे साधारणतः होत नाही. भाताचीही तीच गोष्ट आहे. २०२५-२६ च्या हंगामासाठी साधारण भाताची आधारभूत किंमत क्विंटलला २,३६९ रुपये ठरविण्यात आली. ती शेतकऱ्याला आधार देते यात शंका नाही; परंतु भात गिरीपुष्पाच्या पाल्यावर पिकविलेले असो वा गोणीतील खतावर, खरेदी केंद्रावर दर एकच. तेव्हा ज्या बाजारात मालाची ओळख पुसली जाते, त्या बाजारात सेंद्रिय शेतकऱ्याने जादा भावाची अपेक्षा करणे व्यर्थ होय.

खाचर आपले, पाणी शेजाऱ्याचे

दुसरी अडचण आपल्या प्रदेशाच्या ठेवणीतच आहे. शहापूर व मुरबाड तालुक्यांतील भातखाचरे उतारावर पायरीपायरीने बांधलेली असतात. पावसाळ्यात वरच्या खाचराचे पाणी बांधाच्या तोंडातून खालच्या खाचरात उतरते. वरच्याने युरिया टाकला तर त्यातील काही भाग पाण्याबरोबर खाली येतो. वरच्याने औषध फवारले तर वाऱ्याबरोबर तुषारही येतात. २०१५-१६ च्या कृषिगणनेप्रमाणे महाराष्ट्रातील शेतजमिनीचे सरासरी धारणक्षेत्र १.३४ हेक्टर होते. आपल्याकडे तेवढीही जमीन पुष्कळदा तीन-चार ठिकाणी विखुरलेली असते. अशा अर्ध्या एकराच्या तुकड्याभोवती मोकळी पट्टी सोडा, असे शेतकऱ्याला सांगणे म्हणजे त्याच्या जमिनीचा मोठा हिस्सा पडीक ठेवावयास सांगणे होय.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. आपल्या भागात एकट्या शेतकऱ्याने सेंद्रिय होणे कठीण आहे. एका उताराची, एका ओहोळाची खाचरे जेथे एकत्र येतील, तेथेच हे काम नीट होईल. गट बांधताना आम्ही पुष्कळदा गावाची यादी पाहतो, नातीगोती पाहतो. त्याऐवजी पाणी कोठून कोठे जाते, हे आधी पाहिले पाहिजे.

थोडा माल आणि लांबचा रस्ता

तिसरी अडचण हिशेबाची आहे. समजा, एका शेतकऱ्याची दिवसाआड वीस किलो भेंडी निघते. ती कल्याणला नेऊन परत येण्यास २०० रुपये खर्च झाला, तर किलोमागे दहा रुपये भाड्यातच गेले, आणि एका माणसाचा दिवस मोडला तो वेगळाच. हीच पाच शेतकऱ्यांची शंभर किलो भेंडी एका टेंपोतून ५०० रुपयांत गेली, तर खर्च किलोमागे पाच रुपयांवर येतो व चार माणसांचे चार दिवस वाचतात. आकडे ज्याने त्याने आपल्या गावचे घालून पाहावेत. निष्कर्ष बदलणार नाही.

शिवाय आपल्या भागातील भाजीपाला बारमाही नाही. भात निघाल्यावर जमिनीतील ओलीवर वाल, हरभरा होतो. जेथे विहीर आहे, अथवा वनराई बंधाऱ्याने ओढ्याचे पाणी अडविले आहे, तेथे भाजी होते. ज्या तालुक्यातील तानसा व भातसा या धरणांचे पाणी मुंबईला जाते, त्याच शहापूर तालुक्यातील पुष्कळ पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. तेथे भाजीचा मळा बारा महिने कोठून हिरवा राहणार? शहरातील दुकानदाराला मात्र दर आठवड्याला, ठरल्या दिवशी, ठरला तेवढा माल पाहिजे असतो. चार महिने देऊन आठ महिने तोंड न दाखविणारा शेतकरी त्याच्या उपयोगाचा नसतो. यात दोष दोघांचाही नाही. परंतु ही गाठ सोडविल्याशिवाय व्यवहार जमत नाही.

प्रमाणपत्राविषयी दोन शब्द

सेंद्रिय मालाच्या विक्रीचा प्रश्न निघाला की लगेच प्रमाणपत्राची गोष्ट निघते, आणि त्याविषयी शेतकऱ्यांत पुष्कळ गैरसमज आढळतात. म्हणून वस्तुस्थिती थोडक्यात सांगतो.

प्रमाणीकरणाच्या मुख्य पद्धती दोन आहेत. पहिली राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाखालची. तीत मान्यताप्राप्त संस्थेचा निरीक्षक येऊन तपासणी करतो. निर्यातीसाठी ही पद्धत लागते. हंगामी पिकांसाठी पेरणीपूर्वी किमान दोन वर्षांचा आणि बहुवार्षिक पिकांसाठी पहिल्या काढणीपूर्वी किमान तीन वर्षांचा परिवर्तनकाळ तीत धरला जातो. एकट्या लहान शेतकऱ्याला तिचा खर्च व लिखापढी सहसा झेपत नाही. दुसरी पद्धत सहभागी हमीची, म्हणजे पीजीएस-इंडियाची. ही केंद्र सरकारने २०११ साली सुरू केली. तीत किमान पाच शेतकऱ्यांचा स्थानिक गट होतो, गटातील शेतकरी एकमेकांच्या शेतांची पाहणी करतात आणि विभागीय परिषद त्यास मान्यता देते. हे प्रमाणपत्र देशांतर्गत विक्रीसाठी चालते. परिवर्तनकाळातील मालासाठी व पूर्ण सेंद्रिय मालासाठी तीत निरनिराळी चिन्हे आहेत. परंपरागत कृषी विकास योजनेतील गटही याच पद्धतीने चालतात.

तिसरी गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१७ साली केलेल्या सेंद्रिय अन्नाच्या नियमांखाली, ज्याची वार्षिक उलाढाल १२ लाख रुपयांपर्यंत आहे अशा मूळ उत्पादकास किंवा उत्पादक संस्थेस ग्राहकाला थेट विक्री करताना प्रमाणपत्राची सक्ती नाही. मात्र 'जैविक भारत' हे बोधचिन्ह त्याला वापरता येत नाही. आपल्या भागातील बहुतेक शेतकरी या मर्यादेच्या पुष्कळ आत आहेत. तेव्हा कागद नाही म्हणून आपल्या बाजारात बसता येत नाही, ही समजूत मनातून काढून टाकावी. तसेच २०१६ साली राज्य शासनाने फळे व भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर विकण्याची मोकळीक दिली. त्यामुळे थेट विक्रीस कायद्याची आडकाठी आता राहिलेली नाही. आडकाठी राहिली आहे ती जागेची, सवयीची आणि विश्वासाची.

शेवळाकडून शिकण्यासारखे

विश्वास कसा निर्माण होतो, याचे उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. जूनच्या पहिल्या पावसाबरोबर ठाकूर, कातकरी व महादेव कोळी समाजांतील भगिनी शेवळांच्या जुड्या घेऊन बाजारात येतात. बरोबर काकडे असतात, कारण शेवळाची खाज त्यांच्या आंबटपणाने मोडते हे विकणारणीलाही ठाऊक असते व घेणारणीलाही. पुढे कंटोळी येतात, टाकळा येतो, कुर्डू येते. या भाज्यांवर औषध मारले होते काय, असा प्रश्न कोणी विचारल्याचे माझ्या ऐकण्यात नाही. प्रमाणपत्र तर कोणी मागतच नाही. असे का व्हावे? कारण माल कोठून येतो, कोण आणतो व केव्हा आणतो, हे गिऱ्हाईकाला ठाऊक आहे. ती बाई दर वर्षी त्याच झाडाखाली बसते. तिच्या शब्दाला तिच्या येण्यातील नियमितपणाचा आधार आहे.

जगात इतरत्रही हाच अनुभव आला आहे. जपानमध्ये १९७० च्या दशकात औषधांच्या भीतीने शहरातील गृहिणींनी शेतकऱ्यांशी थेट संबंध जोडले. त्या व्यवस्थेला तेथे 'तेइकेई' म्हणतात. शेतकऱ्याने काय पिकवावे व ग्राहकांनी काय द्यावे, हे दोघांनी बसून ठरवावयाचे, अशी ती रीत. प्रारंभी तेथेही शिक्का नव्हता; होती ती ओळख.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की, सेंद्रिय शेतकऱ्याने आधी ओळख मिळवावी, मग प्रमाणपत्र, आणि जादा भाव सर्वांत शेवटी. आजवर आम्ही हा क्रम उलटा सांगत आलो. पहिल्याच वर्षी दीडपट भावाचे चित्र रंगविले, आणि तो भाव मिळाला नाही तेव्हा शेतकऱ्याचा सेंद्रिय शेतीवरचाच नव्हे, तर आमच्यावरचाही विश्वास उडाला.

मग करावे काय?

एकाच उतारावरील पाच ते दहा शेतकऱ्यांनी गट करावा. गटाने एकच बाजार धरावा, एकच जागा धरावी आणि एकही आठवडा चुकवू नये. पाच जणांनी आळीपाळीने बसावे, म्हणजे प्रत्येकाचा दिवस मोडत नाही. प्रत्येक पाटी कोणाच्या शेतातील आहे, हे बसणाराला सांगता आले पाहिजे. गिऱ्हाईकाने विचारले तर त्याला शेतावर यावयाचे आमंत्रण द्यावे. त्याहून मोठी हमी दुसरी नाही.

आरंभ न नासणाऱ्या मालापासून करावा, असे मी आग्रहाने सांगेन. भाजीवाल्यावर सूर्य मावळण्याची घाई असते आणि व्यापारी तेवढ्याचीच वाट पाहत असतो. वाल, हरभरा, नाचणी, वरई व तांदूळ यांना ही घाई नाही. ते या आठवड्यात गेले नाहीत तर पुढच्या आठवड्यात जातील. शिवाय भाजीचे चार महिने संपल्यावरही यांच्या बळावर गटाची जागा बाजारात रिकामी राहणार नाही. तांदळाच्या बाबतीत एक दक्षता घ्यावी. भातगिरणीत आपले भात दुसऱ्याच्या भातात मिसळू नये म्हणून गिरणीवाल्याशी बोलून सकाळची पहिली पाळी आपल्यासाठी ठेवावी व भरड आधी साफ करून घ्यावी. साठवणीत कीटकनाशकाची पूड न घालता धान्य चांगले वाळवून कडुनिंबाचा पाला घालावा. शेतात तीन वर्षे पाळलेले व्रत कोठीत मोडावयाचे, असे होता कामा नये.

गटाने एक वही ठेवावी. कोणत्या खाचरात कोणते खत केव्हा घातले, काय फवारले, किती माल निघाला व किती विकला, एवढे चार रकाने पुरेत. ही वही पुढे पीजीएसच्या कामी येते. परंतु तिचा पहिला उपयोग स्वतःचा हिशेब स्वतःला कळावा हा आहे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, जे सेंद्रिय नाही त्याला सेंद्रिय म्हणू नये. आपल्या चार पाट्या संपल्या म्हणून पाचवी बाजारातून घेऊन त्याच नावावर विकण्याचा मोह होतो. एकदा तो उघडकीस आला की पाचही घरांचे नाव जाते आणि ते परत येत नाही. माल संपला तर 'संपला' म्हणावे व पाटी उपडी ठेवून घरी जावे. संपलेली पाटी ही पुढच्या आठवड्याची जाहिरात असते.

काही आक्षेप

गावचे गिऱ्हाईक जादा भाव देणार नाही, असे म्हटले जाते. ते खरे आहे आणि त्याच्याकडून तो मागूही नये. मोलमजुरी करणाऱ्याने स्वच्छ भाजीसाठी अधिक पैसे मोजावेत, ही अपेक्षा न्याय्य नव्हे. गावच्या बाजारात बाजारभावानेच विकावे. खत-औषधाचा वाचलेला खर्च व दलालाविना हाती आलेला पैसा हाच तेथील नफा समजावा. जादा भाव शहरातून येणाऱ्या, ओळख झालेल्या ठराविक कुटुंबांकडून, माल घरपोच देऊन मिळवावा.

काही सहकारी म्हणतात की, उत्पन्न घटते तर लहान शेतकऱ्याला या वाटेला लावूच नये. या आक्षेपात तथ्य आहे. ज्याच्या घरचे वर्षाचे धान्य एका खाचरावर अवलंबून आहे, त्याने सगळे खाचर एकदम बदलू नये. पाच-दहा गुंठ्यांपासून आरंभ करावा. गुरे नसतील, तर शेणखत विकत घेऊन सेंद्रिय शेती करणे परवडत नाही, हेही स्पष्ट सांगावे. आपल्याकडे राबासाठी पालापाचोळा व शेण जाळण्याची प्रथा अजून पुष्कळ ठिकाणी आहे. त्यातील काही भाग तरी जाळण्याऐवजी कुजविला, बांधावर गिरीपुष्प लावले, तर खताची निम्मी काळजी दूर होईल. तथापि ज्याला हे जमत नाही त्याला कमी लेखू नये. शेतकऱ्याचे पोट हा आमच्या प्रयोगाचा विषय नव्हे.

ग्रामपंचायत आणि आपण

बाजारात बसणाऱ्या बहुतेक स्त्रिया असतात. त्या पहाटेच्या एस.टी.ने येतात, जागा मिळेल तेथे, बहुधा रस्त्याच्या कडेला उन्हात बसतात, वाटे मांडतात आणि परतीच्या गाडीची वेळ झाली की उरलेले वाटे पडेल भावाने देऊन टाकतात. भाव पडतो तो मालाच्या गुणामुळे नव्हे, तर सावली व गाडी यांच्या अभावी. आठवडे बाजारावर फी आकारण्याचा अधिकार १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने ग्रामपंचायतीला दिला आहे. त्या फीतून पाच-सहा ओटे, त्यांवर छप्पर, पिण्याचे पाणी व स्त्रियांसाठी स्वच्छतागृह एवढे झाले, आणि दोन ओटे 'स्वतः पिकविणाऱ्यांसाठी' राखून ठेवले, तर पुष्कळ कार्य साधेल. २०२० साली शासनाने 'विकेल ते पिकेल' या धोरणाबरोबर संत शिरोमणी सावता माळी रयत बाजार अभियान सुरू केले. त्यामागील कल्पना उत्पादक व ग्राहक यांना समोरासमोर आणण्याचीच होती. ती प्रत्येक बाजारगावात उतरविणे मोठ्या खर्चाचे काम नाही.

ग्रामस्तरावरील माझ्या कार्यकर्ते बंधु-भगिनींना एवढीच विनंती आहे की, आपण प्रात्यक्षिकाच्या प्लॉटवर जितक्या वेळा जातो, त्याच्या निम्म्या वेळा तरी बाजारात जाऊन बसावे. कोणाची पाटी किती वाजता संपली, कोणाची परत गेली, कोणत्या शब्दावर गिऱ्हाईक थांबले आणि कोणत्या शब्दावर पुढे गेले, हे वहीत टिपावे. एकरी उत्पन्नाचे आकडे आमच्याकडे आहेत. परत गेलेल्या पाट्यांचे नाहीत. शेतकरी शेती सोडतो किंवा जुन्या वाटेला परत वळतो, तो पुष्कळदा त्या परत गेलेल्या पाटीमुळे.

ज्या शेतकऱ्याविषयी आरंभी सांगितले, त्याच्याकडे मी पुन्हा गेलो होतो. युरिया बंद कर, असे मी त्याला म्हणालो नाही. त्याच्या खाचराच्या वरचे दोन व खालचा एक असे तिघे शेजारी जमवून आम्ही त्याच्या ओटीवर बसलो. आणखी एक मिळाला तर गट होईल. वाल पेरण्यापूर्वी तो मिळावा, असा प्रयत्न आहे. या खेपेस बाजाराच्या पहिल्या दिवशी मीही त्यांच्याबरोबर पाटीशेजारी बसणार आहे. शेतकरी बंधूंनी व कार्यकर्त्यांनी आपापल्या गावी असा एक तरी गट उभा करून पाहावा, आणि आलेला अनुभव, बरा असो वा वाईट, या पत्रिकेकडे अवश्य लिहून पाठवावा.